मिस पर्किन्सची खेचरं

आमचा लेलँड खेचरांशी फार अदबीने बोलतो. माणसांच्या वाट्याला त्यातलं काही उरत नाही. सकाळी मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली की "ओपल, ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी?" असं तोंडावर विचारणारा हा माझा सख्खा थोरला भाऊ बाहेर जातो आणि डीकन नावाच्या खेचराला म्हणतो, "साहेब, तेवढा उजवा पाय उचलता का? मेहरबानी होईल." डीकनही मोठ्या मनाने उचलतो. उभी हयात मी या माणसाला रांधून घालते आहे, पण मेहरबानी हा शब्द माझ्यासाठी त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलेला नाही.

धंदा आमचा शिकाऱ्यांना डोंगरात नेण्याचा. माझ्या नवऱ्याने सुरू केला, तो गेल्यावर माझी मुलगी टेस चालवते. गाडीचा रस्ता आमच्या कुंपणापाशी संपतो. तिथून खिंडीपलीकडच्या तळावर माणसांनी जायचं ते घोड्यावर बसून, आणि सामान जायचं ते खेचरांच्या पाठीवर. तंबू, लोखंडी चूल, माझी भांडी, पिठाची पोती, शिकाऱ्यांच्या नको तितक्या जाड पिशव्या, सगळं. परतताना त्याच पाठींवर एल्कचं मांस. एल्क म्हणजे साधंसुधं हरीण नव्हे. पुरता वाढलेला नर घोड्याच्या तोडीचा असतो, आणि तो पडतो नेमका अशा घळीत जिथे उभं राहायलाही जागा नसते. तिथून त्याचे फरे वर काढायचे, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे बांधायचे आणि घरी आणायचे, हे लेलँडचं काम.

ते काम त्याला येतं, एवढं मी बहीण असूनही कबूल करते. त्याने बांधलेला बोजा खिंड ओलांडली तरी तसूभर सरकत नाही. अंडी तो ओटच्या पोत्यात खुपसून नेतो आणि तळावर पोचल्यावर एकही फुटलेलं नसतं. "फुटतात ती ओपलच्या हातात," असं तो शिकाऱ्यांना सांगतो. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा आमच्या खोऱ्यात कोणी नाही. एकदा अस्वल माझ्या तंबूत येऊन बाकावर बसलं, मी घाबरून त्याला पॅनकेक वाढला आणि ते पाक मागायला लागलं, ही गोष्ट तो दर वर्षी सांगतो. दर वर्षी मी पळीने ठणाठणा पातेलं वाजवून "खोटं! साफ खोटं!" असं ओरडते. शिकाऱ्यांना वाटतं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

आता खेचरांचं सांगते, कारण भांडण त्यावरूनच झालं. खेचर माणसाचं ऐकतं ते उपकार म्हणून. पण एखाद्या घोडीवर त्याचा जीव जडला, की ती जाईल तिथे ते जातं, बांधावंही लागत नाही. म्हणून आम्ही एका घोडीच्या गळ्यात घंटा घालतो. ती पुढे, खेचरं मागे मोकळी. तळावर चरायला सोडलं तरी चिंता नाही. घोडी तेवढी खुंट्याला बांधली, की सगळी टोळी घंटेच्या आवाजाभोवती घुटमळते.

आमची घंटेची घोडी होती मिस पर्किन्स. रंग राखाडी, चाल संथ, आणि बघणं असं की आपलं काहीतरी चुकलेलं आहे हे आपल्याला लगेच कळावं. आम्हा भावंडांना शाळेत एक पर्किन्सबाई होत्या, त्या अशाच बघायच्या, म्हणून लेलँडने हे नाव ठेवलं. तो तिला 'बाई' म्हणायचा, 'तुम्ही' म्हणायचा, आणि ती म्हातारी झाल्यावर खुंट्याला बांधेनासाच झाला. "वय झालंय त्यांचं. या वयात कोणी बांधून ठेवतं का?"

त्याचा परिणाम गेल्या ऑक्टोबरात दिसला. तळावर थंडी पडली, बाईंना घरचा गोठा आठवला आणि त्या निघाल्या. मागोमाग सगळी खेचरं, आणि त्यांच्याबरोबर आमचे घोडेही. सकाळी मी तंबूबाहेर आले तर कुरण रिकामं, झाडाला एल्कचे फरे टांगलेले, आणि चार शिकारी मोजे वाळवत विचारतायत, नाश्ता कधी? त्या दिवशी ते शिकारी खिंडीतून पायी उतरले. उतरताना ते लेलँडबद्दल जे बोलले ते मी इथे सांगणार नाही, पण त्यातलं बरंचसं मला पटलं.

वसंतात टेसने नवी घोडी आणली. नाव शुगर, रंग मधासारखा, पाय दणकट. जेवणाच्या टेबलावर टेस म्हणाली, "मामा, यंदा घंटा शुगरच्या गळ्यात. म्हातारी वर येणार नाही."

"खेचरं हिच्या मागे जाणार नाहीत," लेलँड म्हणाला. "हिच्या तोंडाकडे बघ. आत एकही विचार नाही."

"तर मग जातील असं कर. शिकारीच्या दिवसांपर्यंत त्यांना शुगरचा लळा लागला नाही, तर मी खेचरं विकणार आणि भाड्याने घोडे आणणार. पुन्हा शिकाऱ्यांना पायी उतरवलं, तर आपल्या दारात कोणी फिरकायचं नाही."

"खेचरं विकणार? मग मलाही त्यांच्याबरोबर वीक."

"तुला कोण घेणार, मामा?"

मी हसले. लेलँड नाही हसला. त्याच्या ताटातला बटाटा तसाच राहिला, आणि बटाटा टाकणारा माणूस तो नव्हे. बायको नाही, मूल नाही. ती खेचरं शिंगराएवढी होती तेव्हापासून त्याच्या हाताखाली वाढलेली. ती गेली असती तर लेलँडने सकाळी उठून करायचं काय?

म्हणून तो कामाला लागला. जुनी घोडी विसरायला लावायची तर एकच रीत आहे. जुनीला नजरेआड, कानाआड करायचं, आणि नव्या घोडीला खेचरांबरोबर कुंपण घातलेल्या एका वाडग्यात कोंडायचं. मिस पर्किन्स टेकडीपलीकडे नेल्सनांच्या कुरणात गेली. डीकन, पिकल्स, मेबल आणि बाकीची मंडळी शुगरबरोबर वाडग्यात. दाणा तिच्या शेजारी, पाणी तिच्या शेजारी, मीठ तिच्या शेजारी.

जून गेला. खेचरं शुगरकडे पाठ आणि टेकडीकडे तोंड करून उभी. संध्याकाळी लेलँड दाणा घालायला गेला की त्याच्याभोवती गोळा व्हायची, त्याला हुंगायची आणि टेकडीकडे बघून असा काही गळा काढायची की माझी पोळी तव्यावर करपायची. बिचारी शुगर एका कोपऱ्यात, नव्या सुनेसारखी.

टेसचा पारा चढत गेला. एक दिवस ती फाटकन म्हणाली, "मामा, तू मुद्दाम करतोयस."

लेलँड उभा राहिला. "काय?"

"त्यांना शुगरचा लळा लागू नये, असंच तुला वाटतंय. म्हातारीला परत वर न्यायचंय तुला."

"पोरी, मी थापा मारतो. कामात लबाडी करत नाही." एवढं बोलून तो बाहेर गेला, आणि दारही आपटलं नाही. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी मात्र विचारात पडले. लेलँड लबाडी करत नव्हता हे मला ठाऊक होतं. मग चुकत काय होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी तो "नेल्सनांचं कुंपण ढिलं झालंय" म्हणून निघाला. नेल्सनांचं कुंपण त्या उन्हाळ्यात रोजच ढिलं होत होतं. परत आला, थेट वाडग्याकडे दाणा घालायला चालला. मी दारातच त्याची वाट अडवली.

"कोट काढ."

"कशाला? फाटलाय का?"

"काढ म्हणते ना!"

त्याने काढला. मी नाकाशी धरला. बाह्या, खांदे, कॉलर, सगळीकडे घोडी. राखाडी केस तर इतके की त्यातून शेपूट विणली असती.

"रोज जातोस तिच्याकडे?"

"जातो. त्यांना तिथे कोणी बोलायला नाही. नेल्सन म्हणजे तुला माहीत आहे, मुका मनुष्य."

"आणि तिथून तस्साच खेचरांत?"

"मग? कपडे बदलून जाऊ? लग्नाला चाललोय का?"

"अरे गाढवा," मी म्हटलं, "तू रोज संध्याकाळी मिस पर्किन्सला अंगावर घेऊन त्यांच्यात जातोस. ती विसरतील कशी?"

जन्मभर खेचरांत वावरलेला माणूस, पण स्वतःच्या कोटाचा वास त्याला आला नव्हता. त्याने कोट माझ्या हातून घेऊन स्वतःच्या नाकाशी धरला. मग हळूच म्हणाला, "मीच?"

"तूच."

त्याच संध्याकाळी लेलँडने अंघोळ केली. शनिवार नसताना. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, तेव्हा टेसने मला बाजूला घेऊन विचारलं, मामाला बरं नाही का? कोट, टोपी, बूट, सगळं मी उकळत्या पाण्यात घातलं. टोपीचा आकार गेला तो कायमचाच. कपडे वाळेपर्यंत तो माझ्या फुलाफुलांच्या एप्रनमध्ये दाणा घालायला जायचा. पिकल्सने त्या एप्रनचा खिसा खाल्ला, आणि लेलँड म्हणाला, "घ्या साहेब, फुलंसुद्धा घ्या, तिचं रांधलेलं मिळालं नाही हे तुमचं नशीब."

पण नेल्सनांकडे जाणं त्याने बंद केलं. एकदा दुपारी मला तो टेकडीच्या अर्ध्यावर उभा दिसला. बराच वेळ उभा होता, मग खाली आला आणि न सांगता माझी लाकडं फोडायला लागला. त्याच्याऐवजी मी जाऊ लागले, उरलेले पॅनकेक घेऊन. मिस पर्किन्स पॅनकेक खायची आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहायची. मी त्याला हे सांगितलं नाही. "मजेत आहे, वजन वाढलंय," एवढंच सांगत गेले. त्या उन्हाळ्यात मलाही थापा जमू लागल्या.

हळूहळू खेचरं वळली. आधी मेबल, ती मुळातच मनाने हलकी. मग पिकल्स. सप्टेंबरात एल्कचे नर शीळ घालू लागले तोवर बाकी सगळी शुगरच्या आगेमागे फिरत होती. राहिला एक डीकन. तो वयाने मोठा, बाकीची त्याचं ऐकणारी. शुगरचा त्याला राग नव्हता. तो तिच्या शेजारचा दाणा खायचा, आणि खाऊन झालं की टेकडीकडे तोंड करून उभा राहायचा.

"डीकन बदलला नाही तर बाकीच्यांचाही भरवसा नाही," टेस म्हणाली. "वर एकदा घाबरू देत. कुठे पळतात ते बघून ठरवीन."

ऑक्टोबरात पहिला शिकारी आला मिनेसोटाचा गुंडरसन. भला मोठा, लाल मानेचा, चर्चला नेमाने जाणारा माणूस. त्याला काहीही सांगा, तो "बरं" म्हणायचा. अस्वलाची गोष्ट ऐकूनही "बरं" म्हणाला, तेव्हा लेलँडचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तळावर पोचलो. गुंडरसनने एक सुरेख नर मारला, अर्थात तळापासून लांब, आडव्या पडलेल्या लाकडांच्या उतारावर. मांस आणायला लेलँड, टेस आणि गुंडरसन निघाले, खेचरं धरायला माणूस कमी म्हणून मीही. उतार घोडीच्या पायांना बरा नव्हता, म्हणून टेसने शुगरला खाली ओढ्याकाठच्या कुरणात खुंट्याला बांधलं. खेचरं हाताने ओढत वर नेली.

लेलँडने फरे कापडात गुंडाळले, हातात तोलून पाहिले, जोड्या लावल्या. त्या दिवशी तो एकही शब्द जास्त बोलत नव्हता. पिकल्सवर मागचे फरे चढले, मेबलवर पुढचे, डीकनच्या पाठीवर बरगड्यांचं मांस आणि वर शिंगं. शेवटची गाठ तो आवळत होता, तेवढ्यात वारा फिरला.

आम्हाला काहीच कळलं नाही. खेचरांना कळलं. झाडीत कुठेतरी अस्वल होतं, मांसाच्या वासाने आलेलं. पिकल्सचे कान उभे राहिले, मेबलने माझ्या हातातला दोर असा हिसकला की मी बसलेच. दुसऱ्या क्षणाला सगळी टोळी लाकडांवरून उड्या मारत सुटली.

उताराच्या टोकाला वाट फुटते. एक वर जाते, खिंडीकडे, म्हणजे घराकडे, म्हणजे टेकडीपलीकडच्या नेल्सनांच्या कुरणाकडे. दुसरी खाली ओढ्याकडे, जिथे शुगर बांधलेली होती. लेलँड दुखऱ्या गुडघ्याने धावत सुटला. त्या वयात, त्या लाकडांतून. मी मागून ओरडत होते, "मरशील रे!" आणि तो मागे न बघता हात हलवत होता.

फाट्यावर डीकन पुढे होता. तो थांबला, म्हणून सगळीच थांबली. त्याचा एक कान वर खिंडीकडे, एक खाली ओढ्याकडे. टेस माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती, तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर निळा पडला. लेलँड थोडा वर उभा होता, धापा टाकत. त्याने हाक मारली असती तर डीकन कदाचित त्याच्याकडे आला असता. त्याने हाक मारली नाही.

खाली शुगरने मान झटकली असावी. घंटा वाजली.

डीकन खाली वळला. बाकीची त्याच्यामागे. आम्ही पोचलो तेव्हा सगळी शुगरला चिकटून उभी होती, आणि डीकनने, त्या म्हाताऱ्या ढोंग्याने, तिच्या पाठीवर हनुवटी टेकली होती. एकाही बोज्याची गाठ सुटलेली नव्हती.

लेलँड एका ओंडक्यावर बसला. "हरामखोर," तो म्हणाला. "एका उन्हाळ्यात विसरले."

"मामा," टेस म्हणाली, "आपल्याला हेच हवं होतं ना?"

"हो गं. हेच हवं होतं." त्याने बाहीने नाक पुसलं. "विकणार नाहीस ना आता?"

"नाही विकणार."

"बरं," गुंडरसन म्हणाला.

मग लेलँड उठला, डीकनजवळ गेला आणि म्हणाला, "चल रे ए." साहेब नाही, मेहरबानी नाही. डीकनने चमकून त्याच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

परतताना वरच्या वाटेवर बर्फ साचलं होतं. खालची वाट नेल्सनांच्या कुंपणाला लागून जाते. लेलँडने बर्फातूनच जाऊ म्हणून हट्ट धरला. टेस म्हणाली, "नाही मामा. आज ना उद्या तिच्यासमोरून जायचंच आहे."

टेस शुगरवर पुढे, मागे खेचरं मोकळी, मग आम्ही तिघं. मिस पर्किन्सने घंटा लांबूनच ओळखली असणार. वर्षानुवर्षं तिच्याच गळ्यात होती ती. ती कुंपणाशी येऊन उभी होती, कान पुढे करून. आम्ही जवळ आलो तशी तिने मोठ्याने हाक दिली.

मेबलचा एक कान हलला. बस्स, एवढंच. खेचरं शुगरच्या मागे आपल्या चालीने निघून गेली. डीकननेही मान वळवली नाही. मिस पर्किन्स कुंपणाच्या आतून त्यांच्याबरोबर चालली, मग दुडक्या चालीने धावली, कोपऱ्यापर्यंत. पुढे कुंपण होतं. ती तिथे थांबली, आणि घंटा लांब जात राहिली.

मला रडू आलं. उगाच कशाला लपवू?

लेलँड घोड्यावरून उतरला आणि लंगडत कुंपणापाशी गेला. टोपीचं ते बिघडलेलं गाठोडं काढून हातात घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "काही विचारू नका. फार हाल झाले आमचे. तुम्ही नव्हतात, कशाचा ताळमेळ नाही. खेचरं पाऊल उचलायला तयार नाहीत. डीकन तर प्रत्येक वळणावर उभा, तुमच्याकडे तोंड करून. दाण्याला शिवला नाही. आत्तासुद्धा थांबत होती सगळी, टेसने बळेच ओढून नेली म्हणून, नाहीतर ती इथून हलतात कसली."

वाटेच्या वळणावर खेचरं अजून दिसत होती, दोर नाही की काही नाही, शुगरच्या मागे टुणटुण चाललेली.

मिस पर्किन्स ऐकत होती. लेलँडने माझ्याकडे बघितलं. जन्मभर त्याच्या प्रत्येक थापेला मी "खोटं!" म्हणून ओरडत आले आहे.

"खरं आहे, बाई," मी म्हटलं. "डोळ्यांनी पाहिलंय मी."

मागे खोगीर करकरलं. गुंडरसन आपला घोडा थांबवून उभा होता. त्याने सावकाश टोपी काढली, छातीशी धरली आणि घोडीला म्हणाला, "आमची फारच गैरसोय झाली."

मिस पर्किन्सने कुंपणावरून मान काढून लेलँडच्या खांद्यावर टाकली. तिच्या आयाळीत हात घालून तो पुढची थाप सांगू लागला.